निओ-६एम जीपीएस मॉड्यूल: वेदर बलूनसाठी घेत असाल तर हे वाचा

५ पैकी ४ स्टार. गाडीच्या ट्रॅकरसाठी घेणाऱ्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल, त्यांना काहीच प्रॉब्लेम येणार नाही. आमची कॉलेजची टीम आहे, लॅटेक्सचा बलून सोडायचाय, ३० किमीच्या आसपास जाऊन फुटणार आणि डबा पॅराशूटने खाली येणार. आत तापमान, दाब, यूव्हीचे सेन्सर आहेत, पण डबा कुठल्या शेतात पडलाय तेच कळलं नाही तर सगळ्या डेटाचं लोणचं घालायचं का? म्हणून तीन-साडेतीनशे रुपयांच्या या मॉड्यूलवर आम्ही बाकी सगळ्यापेक्षा जास्त डोकं लावलंय.

"१२ किमीच्या वर बंद पडतं, घेऊ नका" असं बरेच जण सांगतात. अर्धंच खरंय. यूब्लॉक्सची ही चिप कंपनीतून येते ती 'पोर्टेबल' मोडमध्ये, म्हणजे माणसाच्या हातात किंवा खिशात आहे असं धरून, आणि त्या मोडची मर्यादाच १२,००० मीटर आहे. 'एअरबोर्न' मोड लावला (डायनॅमिक मॉडेल ६) की तीच चिप ५०,००० मीटरपर्यंत चालते. बाजारात असेही रिसिव्हर आहेत जे १८ किमीला कायमचे अडकतात, जुन्या निर्यात नियमांमुळे, त्यांना कुठलंच सेटिंग वाचवत नाही, त्यामानाने हे सोनं आहे.

आता गोम अशी की हे गच्चीवर टेस्ट करता येत नाही. गच्चीवर दोन्ही मोडमध्ये सॅटेलाइटचा लॉक झकास मिळतो (म्हणजे लोकेशन सापडतं) आणि टीममधला कोणीतरी म्हणतो, झालं की काम! नाही झालं. मोड बदलायची कमांड पाठवली की मॉड्यूललाच उलट विचारायचं, बाबा रे कुठल्या मोडमध्ये आहेस, आणि उत्तरात ६ आलं तरच पुढे जायचं. आणि एकदाच पाठवून सोडून देऊ नका. आमच्या बोर्डवरची बारकी बॅकअप बॅटरी चार्जच धरत नाही (दुकानदार म्हणे "सगळ्यांची अशीच असते"), पॉवर गेली की मोड पुसला. आम्ही कोडमध्ये दर काही मिनिटांनी कमांड परत जाईल असं केलंय.

थंडीचं वेगळंच. युरोपातल्या टीमचे व्हिडिओ बघून उणे ५५-६० ची तयारी करू नका, आपल्याकडे १६-१७ किमीवर उणे ८० च्या घरात जातं, आणि मॉड्यूलचं रेटिंग आहे उणे ४० पर्यंत. थर्माकोलचा डबा जाड घ्या आणि ड्राय आइसमध्ये ठेवून बघा, ड्राय आइस उणे ७८ ला असतो, म्हणजे आपल्याला हवं तेवढंच. आमचं मॉड्यूल डब्यात आरामात चाललं, साध्या अल्कलाइन सेलनी मात्र मान टाकली, लिथियम एए घेतले तेव्हा कुठे जमलं.

अँटेना आकाशाकडे ठेवा आणि स्वस्त कॅमेऱ्यापासून लांब. कॅमेरा चालू केला की आमचे सॅटेलाइट धडाधड कमी व्हायचे, मध्ये फॉइल लावल्यावर सुधारलं.

एक स्टार कापला तो त्या बॅटरीसाठी आणि पिना सोल्डर करून देत नाहीत म्हणून. बजेट असेल तर यूब्लॉक्सचंच नवीन एम८एन मॉड्यूल घ्या, त्यात ग्लोनास (रशियाचे सॅटेलाइट) वगैरे पण पकडतं, हे फक्त जीपीएस धरतं. पण मोड त्यातही बदलावाच लागतो.

आणि सिमवाला ट्रॅकर एकटा लावून उडवू नका प्लीज, वर नेटवर्क नसतं, खाली पडला आणि तिथे रेंज असली तरच मेसेज येणार. आम्ही तो फक्त बॅकअपला ठेवलाय, मेन काम लोरावर (लांब पल्ल्याचा, कमी पॉवरचा रेडिओ, त्याला मोबाइल नेटवर्क लागत नाही). परमिशनचा अर्ज एअर ट्रॅफिकवाल्यांकडे गेलाय आणि तारीख मुद्दाम हिवाळ्यातली मागितलीये, कारण पावसाळ्यात वरचे वारे पूर्वेकडून येतात, डबा समुद्राकडे जायचा आणि मग हे मॉड्यूल कितीही बरोबर लोकेशन देऊ दे, आणायला कोण जाणार!