डावा गुडघा, मिरज: सात महिन्यांनंतरचा अभिप्राय

गुडघा बदलायचं ऑपरेशन झाल्याच्या आठवड्यात लोक पाच तारे देऊन मोकळे होतात. मी मुद्दाम सात महिने थांबले. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. खाली एक तक्रार आहे, आणि उजवा गुडघा घेऊन मला त्याच डॉक्टरांकडे जावं लागेल असं दिसतंय.

वय 66. राहते सांगलीत, विश्रामबागला. पोस्टाच्या काउंटरवर 34 वर्षं काढली, त्यामुळे आकडे डायरीत लिहून ठेवायची खोड आहे. ती इथे कामाला आली.

आधी ठरवण्याबद्दल, कारण मला त्यालाच दीड वर्ष लागलं. पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, "गादी संपली, ग्रेड चार, दोन्ही एकदमच करून टाकू" म्हणाले (ग्रेड चार म्हणजे झिजेची शेवटची पायरी) आणि पुढचा नंबर पुकारला. घड्याळ बघितलं, चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो नंतर बघितला. आधी विचारलं, "मावशी, काय करता येत नाही ते सांगा." मी म्हटलं, नरसोबाच्या वाडीला गेले की देवळात दर्शन होतं, पण घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येत नाही. रात्री कूस बदलताना जाग येते. बाजारातून येताना दोनदा टेकावं लागतं. ते म्हणाले, "तीन महिने व्यायाम करा, चार किलो उतरवा, मग बोलू." ऑपरेशन करणारा माणूसच ऑपरेशन पुढे ढकलतोय म्हटल्यावर माझा विश्वास बसला.

पुण्याला भाचा फिजिओ आहे. त्याने डेन्मार्कमधल्या 2015 च्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. शंभर रुग्ण. निम्म्यांचा गुडघा बदलून वर व्यायाम, निम्म्यांना नुसता व्यायाम, आहार, बुटातली गादी आणि गोळ्या. वर्षभरात दुसऱ्या गटातल्या साधारण चौथ्या हिश्शाने ऑपरेशन करून घेतलं, बाकीच्यांचं त्याशिवाय भागलं. मात्र ऑपरेशनवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं, आणि गंभीर त्रासही त्यांच्यातच जास्त निघाले. म्हणजे घाई नाही, पण व्यायामाने सगळं जाईल या भ्रमातही राहू नये. माझे साडेतीन किलो उतरले, जिना थोडा सोपा झाला, रात्रीची जाग तशीच राहिली. मग मी हो म्हटलं.

तरी दोन गोष्टींनी तारीख लांबली. मधल्या काळात मी गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं होतं. ते घेतल्यावर तीन महिने तरी ऑपरेशन करत नाहीत, जंतुसंसर्गाची भीती असते. हे इंजेक्शन देणाऱ्याने सांगितलं नव्हतं. दुसरं, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 8.1 होती, ती 7.2 वर आणायला लावली. एक किडकी दाढही काढायला लावली, तिथले जंतू नव्या सांध्यात जाऊ नयेत म्हणून. गुडघ्यासाठी दाढ काढली म्हटल्यावर आमच्या भिशीत आठवडाभर हशा.

डॉक्टरांनी एक गोष्ट स्वतःहून सांगितली, तिचे वेगळे गुण: "पाचातला एक जण नंतर पुरता समाधानी नसतो. मांडी घालून बसायचं विसरा, उकिडवं तर नाहीच." सांधा टिकतो किती, हेही विचारलं. परदेशातल्या नोंदींप्रमाणे 25 वर्षांनीही साधारण दहातले आठ टिकलेले असतात. मी तेव्हा 91 ची असेन. चालेल म्हटलं.

पैसे. रोबोटने करायचं तर साठ हजार जास्त सांगितले होते. त्याने काप जास्त नेमका बसतो, पण दहा-पंधरा वर्षांनी त्याचा फरक पडतो हे अजून सिद्ध झालेलं नाही, असं डॉक्टरच म्हणाले. मी साधं घेतलं. इम्प्लांटची, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याची, किंमत बिलात वेगळी दाखवायला सांगा. सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोम धातूचा नेहमीचा सांधा तेव्हा जीएसटी सोडून 54,720 रुपयांवर आला, त्याआधी दीड लाखाच्या पुढे जायचा. पाकिटावरचे स्टिकर केसपेपरवर चिकटवतात, त्यांचा फोटो काढून ठेवा. विमा असेल तर पॉलिसी आधी नीट वाचा. सांधा बदलण्यासाठी बहुतेक ठिकाणी पहिली दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. माझं पॅकेज 1,90,000, हातात पडलेलं बिल 2,11,000. हातमोजे, ड्रेप (ऑपरेशनच्या वेळी अंगावर टाकायची कापडं), असलं किरकोळ सामान विमावाल्यांनी नाकारलं. घरी सोडायच्या दिवशी सकाळी अकराला "झालंच" म्हणाले, बाहेर पडलो संध्याकाळी साडेसहाला. पोस्टात आम्ही असं केलं असतं तर लोकांनी काउंटर उचलून नेलं असतं.

प्रत्यक्ष ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं थोडंच. पाठीत भूल, दीड तास, पडद्यापलीकडे सुतारकामासारखे आवाज. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून दारापर्यंत चालवलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या, घट्ट मोजे, पोटरी दुखली-सुजली किंवा धाप लागली तर लगेच फोन, हे सगळं नर्सने मला उलट म्हणून दाखवायला लावलं. तिथे पूर्ण गुण.

आता तक्रार. घरी जाताना व्यायामाचा म्हणून एक झेरॉक्स कागद दिला. झेरॉक्सची झेरॉक्स. चित्रातला माणूस कुठे संपतो आणि खाट कुठे सुरू होते ते कळेना, आणि खालची ओळ इंग्रजीत. वॉर्डात रात्रीच्या आयाबाईंनी गुडघ्याखाली उशी दिली होती, बरं वाटलं होतं. घरी यांनी त्याहून मऊ उशी शोधून दिली. नऊ दिवस मी तशीच झोपले.

दहाव्या दिवशी फिजिओची मुलगी आली. पंचवीस-सव्वीसची असेल. लांब हातांचा कोनमापक काढला, गुडघ्याच्या बाजूला धरला, एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. "वाकतोय 70, ते येईल. पण सरळ व्हायला 14 डिग्री कमी पडतायत. काकू, उशी कोणी दिली?" हे उठून स्वयंपाकघरात गेले. तिने तीच उशी ओढली आणि टाचेखाली ठेवली. गुडघा अधांतरी. पाय आपल्याच वजनाने खाली येत होता आणि मागची शीर मांडीपर्यंत ओढली जात होती. दहा मिनिटं. घड्याळाचा काटा बघत मी आयाबाई, डॉक्टर, हे आणि तो कापूस पिंजणारा, सगळ्यांचा उद्धार केला. ती शांतपणे म्हणाली, "गुडघा सरळ झाला नाही तर जन्मभर लंगडाल. वाकवायला अजून वेळ आहे, याला नाही." चौदाचे दोन व्हायला पाच आठवडे लागले. गुडघ्याखाली उशी नको, हे एक वाक्य मराठीत मोठ्या अक्षरात त्या कागदावर असतं तर ते आठवडे वाचले असते.

वाकवण्याचं तिने सोपं करून दिलं. गादीवर प्लास्टिकची पिशवी, पायात मोजा, टाच घसरवत मागे ओढायची. आधी अर्धा तास दुखण्याची गोळी, नंतर वीस मिनिटं बर्फ. आमच्याकडे फ्रीजरमधल्या मटारची पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवायचो, त्या मटारांची उसळ कधी झाली नाही. डायरी अशी सांगते: तिसऱ्या आठवड्यात 92, सहाव्यात 105, आज 118. जिन्याला नव्वदच्या आसपास लागतात, खालच्या सोफ्यावरून उठायला त्याहून जास्त. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. भेटीचे चारशे रुपये, एकूण अठरा भेटी. या सगळ्या खर्चात सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे हे.

सगळ्यात वाईट तिसरा आठवडा. भेटायला येणारे थांबलेले, रात्री दोनला गुडघा ठणकतोय, आणि आपण हे विकतचं दुखणं घेतलं असं वाटतं. तेव्हा कोणालाही फोन करून सल्ला विचारू नका, मी विचारला आणि रडले. सहाव्या आठवड्यात वॉकर सुटला, तिसऱ्या महिन्यात काठी.

सामानात कमोडची खुर्ची भाड्याने घ्यायची सोडून आम्ही 2,800 ला विकत घेतली. लागते जेमतेम दीड महिना. वॉकर घेताना हात खाली सोडून उभं राहा आणि त्याची मूठ मनगटाशी येते का ते बघा. माझा एक भोक उंच होता, खांदे धरले.

आज काय आहे? टाक्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर आहे, डास बसला तरी कळत नाही. चालताना कधी टक असा आवाज येतो. संध्याकाळी डावा गुडघा उजव्यापेक्षा कोमट लागतो, तो काही महिने असतोच म्हणे. पूजा खुर्चीवर बसून. रात्रीची जाग मात्र गेली, डाव्या बाजूची तरी. गेल्या महिन्यात वाडीला काठी घेऊन, कठडा धरून पाण्यापर्यंत उतरले. चढताना मधे एकदा टेकले, तेही उजव्यामुळे.

ऑपरेशनला साडेचार, हॉस्पिटलच्या कागदांना एक, फिजिओच्या मुलीला पाच. कमोडची खुर्ची गॅलरीत आहे, तिच्यावर सध्या कढीपत्त्याची कुंडी ठेवलीय. उजव्याची तारीख ठरली की कुंडी हलवीन.