साताऱ्यातील एक मोटार ड्रायव्हिंग स्कूल आणि तिथली बारा गुणांची वही

मुलीला चारचाकी शिकवण्यासाठी आम्ही साताऱ्यातील ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिचे नाव नोंदवले, तेथे प्रत्येक शिकाऊ उमेदवाराच्या नावे पहिल्या दिवशी वहीत बारा गुण लिहिले जातात. इंडिकेटर न देता वळले की एक गुण जातो, झेब्रा पट्ट्यांवर गाडी उभी केली की दोन जातात आणि मोबाइलला हात लावला की सहा जातात. बारा गुण संपले तर दोन दिवस स्टिअरिंग मिळत नाही. मागे बसून दुसऱ्याचे चालवणे पाहावे लागते. मुलीचे पहिल्या चार दिवसांत पाच गुण गेले, नंतरच्या अकरा दिवसांत एकच गेला.

ही कल्पना सरांनी परदेशातून घेतली आहे. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत बारा दंडगुण साठले की साधारणपणे किमान सहा महिने गाडी चालवण्यास बंदी येते आणि नव्या चालकाचा परवाना पहिल्या दोन वर्षांत सहा गुणांतच रद्द होतो. इटलीत 2003 पासून वीस गुणांतून, तर स्पेनमध्ये 2006 पासून बारा गुणांतून वजाबाकी होते. दोन स्पॅनिश संशोधकांनी 2012 मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अपघात, मृत्यू आणि जखमींच्या संख्येत सुरुवातीला 15 ते 20 टक्के घट आढळली, मात्र तो परिणाम दीड वर्षाच्या आतच ओसरला. मला याचे आश्चर्य वाटत नाही. वहीचा धाक टिकला, कारण सर शेजारच्याच सीटवर बसलेले होते आणि एकही चूक त्यांच्या नजरेतून सुटत नव्हती; रस्त्यावर पकडले जाण्याची शक्यता कमी आहे हे लोकांना कळले की गुणांची भीतीही जाते.

शिवाय अशी गुणपद्धत आपल्याकडे आणायची म्हटले तर आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे कॅमेऱ्याचे ई-चलन वाहनाच्या क्रमांकावर निघते. गाडी मुलगा पळवतो आणि दंड वडील भरतात. ब्रिटनमध्ये चालक कोण होता हे मालकाला कळवावेच लागते, न कळवल्यास त्याच्याच परवान्यावर सहा गुण चढतात. ही तरतूद नसेल तर गुण भलत्याच माणसाच्या नावावर पडतील.

शिकवणी मनापासून आवडली, तरी दोन उणिवा मला गंभीर वाटतात. सराव राजपथ, सदर बझार आणि वाढे फाटा एवढ्यातच संपतो. खंबाटकी घाटाचा उतार किंवा गळीत हंगामात रात्री रिफ्लेक्टरशिवाय चालणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या यांच्याशी गाठ पडणाऱ्या मुलांना महामार्गाची एकही फेरी मिळत नाही. वेगळे पैसे भरतो म्हटल्यावर एक फेरी झाली, तीही दिवसा. दुसरे म्हणजे, 2019 च्या सुधारित कायद्यानुसार हेल्मेट नसल्यास दंडाबरोबर तीन महिने परवाना अपात्र ठरू शकतो, हे वर्गात कोणी सांगितले नाही. माझी मुलगी रोज दुचाकीने कॉलेजला जाते.

नाव नोंदवताना महामार्गाच्या फेरीचे आधीच ठरवून घ्यावे आणि दर आठवड्याला वही पाहायला मागावी. मी मागितली तेव्हा सरांनी एकेक नोंद समजावून सांगितली.