मेल येतो, पण जात नाही: छोट्या डोमेनचा मेल कुठे ठेवावा?

कापसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणाला बोलायलाही फुरसत नसते. अशा दिवसांत दारव्ह्याकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे सचिव भर दुपारी दुकानात येऊन बसले. "भाऊ, मेल त येते बराबर, पण आपण धाडलेला कोणाले भेटतच नाही. हा सर्व्हरच बदलून टाका." कोइमतूरच्या एका सूतगिरणीला पाठवलेलं गाठींचं कोटेशन तीनदा स्पॅममध्ये जाऊन पडलं होतं.

सर्व्हर बदलायची काही गरज नव्हती. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या जाहीर नोंदवहीत, एसपीएफच्या (या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणाऱ्या) दोन नोंदी होत्या. एक वेबसाइट करणाऱ्या पोराने टाकलेली, दुसरी नंतर बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवताना कोणीतरी चिकटवलेली. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते; दोन दिसल्या की समोरचा सर्व्हर तपासणीच फसली असं धरतो. दोन्हींची मिळून एक केली, आणि दुसऱ्या दिवशीचा मेल इनबॉक्समध्ये पोचला.

पण सचिवांचा मूळ प्रश्न रास्त होता. कंपनीची माणसं वाढणार, मग मेल ठेवायचा कुठे? दिग्रस-पुसदपर्यंतच्या पतसंस्था, शाळा आणि जिनिंगवाल्यांसाठी मी हेच काम करतो, त्यामुळे चारही प्रकार पाहून झालेत: ऑफिसातला स्वतःचा सर्व्हर, वेबसाइटच्या होस्टिंगसोबत मिळणारा मेल, भाड्याचा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आपल्यापुरता आभासी सर्व्हर), आणि झोहो किंवा गूगल वर्कस्पेससारखी तयार सेवा.

ऑफिसातला सर्व्हर

हा पर्याय लोक लाइनचं कारण सांगून खोडतात. ते कारण चुकीचं आहे. सहा तास लाइन गेली म्हणून येणारा मेल हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर तो रांगेत ठेवून पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची मूळ सेटिंगच ५ दिवसांची आहे. पाऊसपाण्यात खांब पडून गाव दोन दिवस अंधारात राहिलं तरी मेल येतो, उशिरा का होईना.

घोडं अडतं ते इंटरनेटच्या पत्त्यापाशी. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यानच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात आणि बाहेरचा सर्व्हर तुमच्यापर्यंत पोचूच शकत नाही. गावातल्या केबलवाल्याच्या फायबरवर मला बहुतेक ठिकाणी हेच दिसलं. स्वतंत्र स्थिर आयपी (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) विकत घेतला तरी पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो दरवाजा, उघडा हवा, आणि त्या आयपीची पीटीआर नोंद, म्हणजे आकड्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद, तुमच्या सर्व्हरच्या नावाची हवी. ती नोंद इंटरनेट देणाऱ्याच्या हातात असते. घरगुती जोडण्यांचे आयपी तर स्पॅमहाउस या काळ्या याद्या ठेवणाऱ्या संस्थेच्या एका यादीत आधीच टाकलेले असतात: इथून थेट मेल येणं अपेक्षित नाही, म्हणून. वर नवतप्यात टिनाच्या खोलीतला संगणक, आणि मृगाची पहिली वीज पडली की जळणारा राउटर.

एका कामासाठी मात्र हे यंत्र ठेवाच. मुख्य मेल कुठेही असो, आयमॅपने (सर्व्हरवरचा मेल वाचायची पद्धत) त्याची रोज एक प्रत ऑफिसातल्या डिस्कवर उतरवून घ्या. एमबीसिंक हा प्रोग्राम हे काम चोख करतो.

होस्टिंगसोबतचा मेल

वेबसाइटच्या पैशात मिळतो, म्हणून तालुक्याच्या गावात सर्वात जास्त हाच दिसतो. मेलची पेटी दोन मिनिटांत तयार होते. अडचण समजायला कापसाची गाडी डोळ्यांपुढे आणा: चार घरचा कापूस एकाच गाडीत भरून बाजार समितीत नेला, त्यातल्या एकाने आपल्या कापसावर पाणी मारलेलं असलं, की ग्रेडर सगळ्या गाडीचाच भाव पाडतो. एकाच आयपीवरून शेकडो डोमेनचे मेल जातात. त्यातल्या कोणाची वर्डप्रेस साइट फोडून कोणी रात्रभर स्पॅम पाठवला, तर सकाळी तुमचं कोटेशनही अडतं. तुमच्या हातात तक्रार नोंदवण्यापलीकडे काही नसतं. दर तासाला किती मेल पाठवता येतील याची मर्यादाही असते. आमसभेची सूचना ४०० सभासदांना एकदम धाडली की ती आडवी येते.

दोन-तीन पेट्या असतील, मेल मुख्यतः येणारा असेल आणि पाठवायचं काम क्वचित असेल, तर चालवून घ्या.

व्हीपीएस: सगळं आपल्या हातात, सगळं आपल्या डोक्यावर

मला स्वतःला हा प्रकार आवडतो, त्यामुळे माझं मत थोडं झुकलेलं आहे हे धरून चाला. भाड्याच्या लिनक्सवर पोस्टफिक्स मेल घेतो-पाठवतो, डव्हकॉट पेट्या सांभाळतो, आरस्पॅमडी स्पॅम गाळतो आणि जाणाऱ्या मेलवर डीकेआयएमची (मेल खरंच या डोमेनचा आहे हे पटवणारी) सही करतो. सगळं सुटं बसवायचं नसेल तर तयार गठ्ठे आहेत. मेल-इन-अ-बॉक्स १ जीबी रॅममध्ये निभावतो, पण त्याला कोरं उबुंटू लागतं आणि त्या यंत्रावर दुसरं काही खपत नाही. मेलकाउ जास्त सुटसुटीत, पण त्याला ६ जीबी रॅम द्यायची तयारी ठेवा. पेट्या १० असोत की ८०, भाडं यंत्राचं.

घेण्याआधी दोनच गोष्टी विचारा. बाहेर जाणारा पोर्ट २५ उघडून देता का, आणि पीटीआर मला बदलता येते का. गूगल क्लाउडवर बाहेर जाणारा पोर्ट २५ बंदच असतो. काही कंपन्या विनंती केल्यावर उघडतात. पीटीआर, सर्व्हर स्वतःचं सांगतो ते नाव, आणि त्या नावाची डीएनएसमधली नोंद, तिन्ही एकमेकांशी जुळायला हवीत. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा लांब आयपी) चालू असेल तर त्याचीही पीटीआर लागते. ती करायची नसेल तर पोस्टफिक्सला सरळ आयपीव्ही४ वरच ठेवा, नाहीतर जीमेलकडे जाणारे काही मेल जातात आणि काही परत येतात, आणि तुम्ही दोन रात्री डोकं खाजवत बसता.

गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले तेव्हा दिवसाला ५००० मेलचा आकडा बातम्यांत आला, आणि आमच्याकडचे लोक निश्चिंत झाले. आपण कुठे एवढे पाठवतो! पण ५००० च्या वरच्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही लागतात, असा त्याचा अर्थ. एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी निदान एक, आणि नीट पीटीआर, हे जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. मी तिन्ही लावतोच. डीमार्क आधी नुसतं निरीक्षणावर ठेवायचं, अहवाल दोन-तीन आठवडे बघायचे, मग कडक करायचं. डीकेआयएमची २०४८ बिटांची किल्ली डीएनएसमध्ये एका ओळीत मावत नाही, कारण एका तुकड्याला २५५ अक्षरांची मर्यादा आहे. ती तुकडे करून टाकावी लागते. काही डोमेनवाल्यांचं पान हे आपोआप करतं, काहींचं शेपूट गुपचूप कापतं.

बिघाड कसे येतात ते सांगतो, कारण व्हीपीएस घ्यायचा की नाही हे त्यावरच ठरतं. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीत, प्रत्येक मेलपुढे सेंट, डिफर्ड किंवा बाउन्स्ड यांपैकी एक शब्द असतो. डिफर्डच्या पुढे ४ ने सुरू होणारा कोड असेल तर थांबा, बऱ्याचदा समोरच्याने ओळख नसलेल्याला मुद्दाम थोडं थांबवलेलं असतं. ५ ने सुरू होणारा कोड म्हणजे कायमचा नकार, आणि त्याच ओळीत कारण लिहिलेलं असतं. लोक ते न वाचता सर्व्हर रिस्टार्ट करतात. सेंट म्हणजे समोरच्या सर्व्हरने मेल घेतला. त्याने तो पुढे स्पॅममध्ये टाकला की काय, हे तुमचा लॉग कधीच सांगणार नाही.

काही बिघाड लॉगमध्येही सरळ दिसत नाहीत. स्पॅमहाउसच्या यादीला विचारणा ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत केली, तर यादीऐवजी चूक दाखवणारा कोड परत येतो. सेटिंग ढोबळ असेल तर पोस्टफिक्स त्यालाच 'काळ्या यादीत आहे' असं समजतो आणि येणारा झाडून प्रत्येक मेल हाकलतो. त्यावर उपाय म्हणजे यंत्रावरच अनबाउंड, म्हणजे आपली स्वतःची डीएनएस विचारणा करणारा प्रोग्राम, बसवायचा. लेट्स एन्क्रिप्टचं (जोडणी सुरक्षित ठेवणारं मोफत) प्रमाणपत्र ९० दिवसांचं. ते साधारण ६० व्या दिवशी आपोआप नवं होतं, पण डव्हकॉटला रीलोड केलं नाही तर तो जुनंच धरून बसतो. मग महिन्याने अचानक सगळ्या फोनवर इशारा येतो आणि तोवर आपण काय केलं होतं तेही आठवत नाही. आणि जोडपत्राची भानगड: मेलमध्ये जाताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा जेमतेम १० एमबी. सभासदांचे सातबारे स्कॅन करून केलेली ८ एमबीची पीडीएफ म्हणून परत येते.

सगळ्यात महागात पडला तो एका शाळेचा प्रसंग. लिपिकाचा पासवर्ड शाळेचं नाव आणि पुढे १२३. शनिवारी रात्री कोणीतरी तो ओळखला आणि रविवारी सकाळी रांगेत हजारो मेल. सर्व्हर माझाच, सेटिंग माझीच, मी एका पेटीला तासाची मर्यादाच लावली नव्हती. रांग साफ करायला दहा मिनिटं लागली. काळ्या याद्यांतून आयपी बाहेर यायला चार दिवस गेले, आणि तेवढ्यात मुख्याध्यापकांचे आठ फोन. आता प्रत्येक पेटीला मर्यादा असते, आणि चुकीचे पासवर्ड टाकत राहणाऱ्याला अडवणारं फेलटूबॅन चालू असतं.

तयार सेवा

हिच्याबद्दल कमी लिहितो, कारण इथे बिघडायला कमी आहे. आयपीची पत, प्रमाणपत्रं, अपडेट, सगळं त्यांचं. तुम्हाला डीएनएसच्या नोंदी टाकायच्या. त्यातही एक राहून जाते: गूगल वर्कस्पेसमध्ये तुमच्या डोमेनची डीकेआयएम किल्ली अ‍ॅडमिन पानावरून स्वतः तयार करून सुरू करावी लागते. निम्म्या ठिकाणी मी ती बंद पाहिली आहे.

पैसे दर माणसामागे लागतात, वर १८ टक्के जीएसटी. म्हणून हिशेब माणसांचा करा, पत्त्यांचा नको. माहिती, हिशेब, खरेदी असे नऊ पत्ते सांगणाऱ्या कंपनीत मेल वाचणारी माणसं चारच असतात. बाकीचे पत्ते टोपणनावं किंवा गट म्हणून त्याच पेट्यांना फुकट जोडता येतात. झोहोचा ५ जणांपर्यंतचा मोफत प्लॅनही आहे. पण त्यात आयमॅप नाही, म्हणजे ऑफिसच्या संगणकावर आउटलुक किंवा थंडरबर्ड लावता येणार नाही, ब्राउझर आणि त्यांचं स्वतःचं अ‍ॅप एवढंच. वर सांगितलेली रोजची प्रतही मग घेता येत नाही. त्यासाठी पैसे भरावेत असं मी म्हणेन.

उणीव एकच मोठी. मेल अडला तर आत डोकावता येत नाही. वर्कस्पेसमध्ये मेलचा प्रवास शोधायची सोय आहे, पण पोस्टफिक्सच्या लॉगसारखं सगळं उघडं दिसत नाही. तिकीट टाका आणि वाट बघा.

मग कोणी काय घ्यावं

मेल वाचणारी माणसं दहाच्या आत असतील, तर तयार सेवा. यात मला शंका नाही, आणि यात माझं कामही कमी होतं. ५०-६० पेट्या असलेली शिक्षण संस्था, जिथे बऱ्याच पेट्या महिन्यातून दोनदा उघडल्या जातात, तिला दर माणसामागचे पैसे टोचतात; तिथे व्हीपीएस परवडतो, पण लॉग वाचणारा माणूस फोनवर सापडायला हवा. अशा ठिकाणी मी हल्ली मधली वाट घेतो. पेट्या आणि येणारा मेल आपल्या व्हीपीएसवर, जाणारा मेल पैसे भरून एखाद्या रिले (मेल पुढे पोचवणाऱ्या) सेवेमार्फत. आयपीची पत सांभाळायची कटकट त्यांच्याकडे जाते, आणि पोर्ट २५ बंद असला तरी ५८७ वरून काम भागतं. एसपीएफमध्ये त्या रिलेचं नाव जोडायला विसरू नका, आणि जोडताना नोंदीतल्या एकूण डीएनएस विचारणा १० च्या पुढे जाऊ देऊ नका. गेल्या तर एसपीएफ पुन्हा बाद.

दारव्ह्याच्या कंपनीला मी तयार सेवा दिली, चार पेट्या. आदल्या दिवशी एमएक्स नोंदीचा (मेल कुठे द्यायचा ते सांगणारी नोंद) टीटीएल, म्हणजे इतरांनी ती किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ, ३०० सेकंदांवर आणला, शनिवारी संध्याकाळी नोंद बदलली, सोमवारी सगळं सुरळीत. बुधवारी सचिवांचा फोन: "काऊन जी, वेबसाइटवरून चौकशीच येत नाही राहिली." जुनं होस्टिंग अजून समजत होतं की या डोमेनचा मेल आपल्याकडेच आहे, आणि साइटवरचे चौकशीचे मेल जुन्या पेटीत टाकत होतं. होस्टिंगच्या सीपॅनेल या सेटिंगच्या पानावर ईमेल राउटिंग 'रिमोट' केलं. अकरा चौकश्या तिथे पडून होत्या, त्यातली एक त्याच कोइमतूरच्या गिरणीची.

हे सगळं आधी व्हायचं होतं. आठ दिवस गेले ते डोमेनच्या लॉगिनपायी. ते वेबसाइट करणाऱ्या पोराच्या खासगी मेलवर होतं, पोरगा पुण्यात रात्रपाळीला, दिवसा झोपलेला, आणि ओटीपी त्याच्याच फोनवर. लॉगिन आता कंपनीच्या नावावर आहे. मोबाइल नंबर तेवढा सचिवांच्या भाच्याचा लागलाय, तो बदलायचा राहिला आहे.