पोर्टेबल जनरेटर : काही महिने वापरल्यानंतर

2 केव्हीएचा, पेट्रोलवर चालणारा इन्व्हर्टर जनरेटर घरी येऊन बरेच महिने झाले. वीज गेली तेव्हा त्याने चोख काम केलं. पण मला जास्त सांगायचंय ते तो बंद असतानाचं. वर्षातला बहुतेक काळ तो बंदच असतो, आणि असे जनरेटर बिघडतातही तेव्हाच.

कारण पेट्रोल. पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो, मागे चिकट थर उरतो आणि कार्बोरेटरच्या जेटचं बारीकसं छिद्र बुजतं. त्यात इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावाही ओढून घेतं. म्हणून काम झाल्यावर मी स्विच दाबून इंजिन थांबवत नाही. फ्युएल कॉक (टाकीतून येणाऱ्या पेट्रोलची तोटी) बंद करतो, कार्बोरेटरमधलं पेट्रोल जळून संपलं की इंजिन आपणच बंद पडतं. बरेच दिवस लागणार नसेल तर टाकीही रिकामी करतो. शेवटी इंजिन सुरू करायची दोरी हळूहळू ओढायची आणि जड लागली की तिथेच थांबायचं. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, सिलिंडरमध्ये दमट हवा शिरत नाही. शिवाय महिन्यातून एकदा ताजं पेट्रोल घालून अर्धा तास चालवतो, तेही लोड देऊन, म्हणजे उपकरणं जोडून. नुसतं फिरवल्याने इंजिन पुरेसं तापत नाही.

ऑइल पहिल्यांदा 20 तासांनी बदललं. एवढ्याशा इंजिनात जेमतेम अर्धा लिटर ऑइल असतं, त्यामुळे दर वेळी सुरू करण्याआधी पातळी बघतोच.

लोडचं गणित सोपं आहे. माझ्या मशीनवर सतत 1600 वॅट मिळतात. फ्रिजला चालताना 200 वॅटही लागत नाहीत, पण कॉम्प्रेसर उचलताना क्षणभर त्याच्या कित्येक पट लागतात. म्हणून आधी फ्रिज, मग पंखे, दिवे, राउटर. इको मोड (लोड कमी असला की इंजिनाचा वेग आपोआप कमी करणारा) त्यानंतर. गीझर आणि इस्त्री विसरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच जातो. जनरेटर घरापासून निदान 20 फूट लांब, धुराचं तोंड खिडक्या-दारांच्या उलट दिशेला. गॅरेजमध्ये नाही, बाल्कनीत नाही, दार सताड उघडं ठेवूनही नाही. घरात बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म मी लावलाय आणि तो प्रत्येकाने लावावाच. एवढी मोकळी जागा नसेल तर जनरेटर घेऊच नका, बॅटरीवरचं पॉवर स्टेशन, म्हणजे चार्ज करून ठेवायची मोठी बॅटरी घ्या.

दुसरा जीवघेणा प्रकार म्हणजे दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसणं. वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर काम करणारा वायरमन मरू शकतो. घराचं वायरिंग जोडायचंच असेल तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवून घ्या. मी तसं न करता जाड, बाहेर वापरायची एक्स्टेंशन केबल थेट उपकरणांपर्यंत नेतो.

तक्रार एकच, आवाज. इको मोडमध्ये सुसह्य असतो, पण फ्रिजने ओढ घेतली की इंजिन एकदम गरजतं. रात्री म्हणूनच सलग चालवत नाही. फ्रिजचं दार बंद ठेवलं तर आतला थंडावा चारेक तास टिकतो.