बीआयएस केअर ॲप: खेळण्याच्या खोक्यामागचा कारखाना

पाचापैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्यूरो, मालावर आयएसआयचा छाप वापरायचं लायसन देणारी सरकारी संस्था. तिचं हे ॲप बहुतेकांना सोन्यापुरतंच माहीत असतं. दागिन्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी टाकायचा आणि तो खरा आहे का ते बघायचं. आमच्या सोसायटीतल्या बायका लग्नसराईत तेवढ्यासाठी ते फोनमध्ये घेतात आणि नंतर विसरून जातात. मी मात्र ते खेळण्यांच्या दुकानात उघडते, कारण आमचा धंदाच तो आहे. वसई पूर्वेला आमचा गाळा आहे, त्यात तीन इंजेक्शन मोल्डिंग मशिनं, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून भाग काढणारी. दीर मशिनं बघतात, मी खरेदी, चलनं आणि पार्ट्यांची, म्हणजे आमच्याकडून माल बनवून घेणाऱ्यांची तोंडं. चाकं, गाड्यांच्या बॉडी, भांडीकुंडीतले कप-बशा असे सुटे भाग आम्ही काढून देतो. पूर्ण खेळणं आमच्याकडे होत नाही.

वापरायला सोपं आहे. खोक्यावर आयएसआयचा छाप शोधायचा. छापाच्या वर मानकाचा क्रमांक असतो: साध्या खेळण्याला आयएस ९८७३, सेलवर चालणाऱ्याला आयएस १५६४४. छापाच्या खाली सीएम/एल आणि त्यापुढे लायसनचा नंबर. ॲपमध्ये 'व्हेरिफाय लायसन डिटेल्स' दाबून तो नंबर टाकला की कारखान्याचं नाव, पत्ता, लायसन कुठपर्यंत चालू आहे, कोणत्या मालासाठी आहे आणि कोणते ब्रँड त्यात बसतात हे सगळं येतं. पैसे पडत नाहीत. नंबर बारीक छापलेला असतो हा दोष ॲपचा नाही, पण चष्मा घरी राहिला असेल तर खोक्याचा फोटो काढून मोठा करून बघावा लागतो.

परवा भाचीच्या मुलासाठी एक बस घेतली. मागे ओढून सोडली की पळणारी. धंद्याची सवय, त्यामुळे आधी हातात घेऊन उलटी केली. पोटाखाली गेटची खूण, म्हणजे प्लॅस्टिक साच्यात शिरतं तिथला ठिपका, नीट कापलेली होती. दाराच्या कडेवरून बोट फिरवलं, फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून आलेली धारदार कड, लागला नाही. चाक ओढून पाहिलं. दुकानदार बघत होता, तरी ओढलं. मग नंबर टाकला. खोक्यावर मोठ्या अक्षरात मुंबईतल्या कंपनीचं नाव आणि ऑफिसचा पत्ता, ॲपमध्ये मात्र दुसऱ्याच नावाचा कारखाना आणि तोही पार उत्तरेकडचा. काउंटरवर शेजारी उभ्या असलेल्या ताई म्हणाल्या, "म्हणजे हे डुप्लिकेट का हो?" अजिबात नाही. उलट हेच बघण्यासाठी ॲप आहे.

लायसन ब्रँडला मिळत नाही, कारखान्याला मिळतं, आणि तेही त्या एका पत्त्यापुरतं. ज्याच्याकडे फक्त नाव, खोक्याचं डिझाइन आणि गोदाम आहे, त्याला लायसन असलेल्या कारखान्यातूनच माल बनवून घ्यावा लागतो. गिऱ्हाइकाला ही बारीक गोष्ट वाटते, पण आमच्या लाइनीची मांडणी तिने बदलली.

आधी कसं होतं ते सांगते. पार्टीचा मोल्ड, म्हणजे साचा, आमच्याकडे असायचा, दर ठरलेला असायचा, आणि शेजारच्या गाळ्याने नगामागे दहा पैसे कमी सांगितले की संध्याकाळी टेम्पो यायचा आणि मोल्ड उचलून न्यायचा. शाळेच्या सुट्टीचा सीझन तोंडावर असताना मशीन रिकामं. पूर्ण खेळणीसुद्धा अशीच या गाळ्यातून त्या गाळ्यात फिरायची, कुणी जोडली हे दोन महिन्यांनी पार्टीलाही आठवायचं नाही. २०२० च्या फेब्रुवारीत खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश निघाला, मुदतवाढ मिळून १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला, आणि चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला छाप सक्तीचा झाला. देशातला माल असो की परदेशातला, दोघांना नियम एकच. छाप नसलेला माल बनवणारा, आणणारा, विकणारा आणि विकण्यासाठी साठवणारा, सगळेच कायद्यात येतात. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख दंड. तेव्हापासून खेळणं जिथे जोडलं जातं तो पत्ता सहजासहजी हलत नाही. आमच्यासारखे सुट्या भागांचे गाळे अजून बदलता येतात, पण नवा गाळा घेतला की त्याचा माल पुन्हा तपासून घ्या, कागद पुन्हा गोळा करा, म्हणून पार्टीही दहा पैशांसाठी उठत नाही. आमच्या आवारातले दोन गाळे या काळात बंद झाले आणि एकाने स्वतःचं लायसन काढून लॅब बसवली. आम्ही मधल्या मध्ये राहिलो. सूक्ष्म उद्योगांना वार्षिक मार्किंग फीमध्ये ८० टक्के सवलत आहे, पण खरा खर्च फीचा नसतो. तपासणीची साधनं, ती हाताळणारा माणूस आणि प्रत्येक लॉटच्या नोंदी ठेवायला लागणारा वेळ, हा खर्च असतो.

तपासणी म्हणजे काय ते ॲपमध्ये दिसत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. खेळणं ठरलेल्या उंचीवरून पाडतात, भाग पिळतात, ओढतात. त्यात काही निखळलं तर तो तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका तिरक्या तळाच्या नळकांड्यात टाकून बघतात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा तुकडा त्यात पूर्ण मावला तर खेळणं नापास, कारण तो मुलाच्या घशात जाऊ शकतो. याशिवाय आग धरण्याची तपासणी आहे, मऊ प्लॅस्टिकमधल्या थॅलेटची, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या रसायनांची आहे. आणि आठ मूलद्रव्यांची आहे: शिसं, पारा, कॅडमियम, आर्सेनिक, अँटिमनी, बेरियम, क्रोमियम, सेलेनियम. या शेवटच्या तपासणीने आमची पिवळी चाकं खाल्ली.

झालं असं की एका पुरवठादाराने पिवळ्या मास्टरबॅचची, म्हणजे प्लॅस्टिकमध्ये मिसळायच्या रंगाच्या दाण्यांची, गोणी पाठवली. शेड सुंदर, नेहमीपेक्षा झळझळीत, भावही बरा. चाकं काढली, पाठवली, आणि पार्टीने बाहेरच्या लॅबला नमुना दिला तर शिसं मर्यादेबाहेर. पिवळ्या आणि केशरी रंगात हे होतं, कारण लेड क्रोमेट हे पिगमेंट स्वस्त, दाट आणि उष्णतेला पक्कं असतं. मशीनच्या बॅरलमध्ये पॉलिप्रॉपिलीन सव्वादोनशे अंशांच्या आसपास असताना ते हूं की चूं करत नाही. त्याऐवजी जे ऑर्गॅनिक पिवळे येतात ते महाग, आणि लाइट गेली किंवा कामगार जेवायला गेला की बॅरलमध्ये साचलेला माल मळकट होऊन बाहेर येतो. पहिले काही शॉट फेकून द्यायचे. तो लॉट परत आला. चाकं दळून पुन्हा वापरायचीसुद्धा सोय नाही, दळल्याने शिसं निघून जात नाही. पोती कोपऱ्यात पडली, पुरवठादाराने फोन उचलणं बंद केलं. आता गोणीबरोबर बॅच नंबर असलेलं सर्टिफिकेट आल्याशिवाय दीर गोणीचा दोरा कापत नाहीत. पार्टीला चलनाबरोबर त्याची प्रत जाते. भाव वाढवून मागितला, अर्धा मिळाला.

म्हणूनच एक तारा कापला. ॲपमध्ये साखळीची शेवटची कडी दिसते. बस जोडणारा कारखाना दिसतो, चाक काढणारा गाळा दिसत नाही, रंग देणारा तर नाहीच. आमचं नाव त्यात यावं म्हणून मी हे म्हणत नाही, आलं तर उलट चार इन्स्पेक्टर जास्त येतील. पण पालकाला वाटतं की नंबर टाकला म्हणजे सगळं कळलं. जी गोष्ट मुलाच्या तोंडात जाते ती रंगाच्या गोणीपाशी ठरते, आणि तिथवर हा शोध पोहोचत नाही.

मग रंगावर आणि प्लॅस्टिकच्या कच्च्या दाण्यावरही छाप सक्तीचा करावा का? दाण्यावर करून बघितला ना. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, एबीएस, पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकांसाठीही गुणवत्ता आदेश निघाले होते. त्यांच्या तारखा पुढे-मागे होत राहिल्या. परदेशातल्या पेट्रोकेमिकल प्लांटनेही इथलं लायसन घ्यायचं, त्यासाठी तिथे जाऊन तपासणी व्हायची, असा तो मामला. मोठा कारखाना थेट रिफायनरीकडून घेतो. आमच्यासारखे भिवंडीच्या व्यापाऱ्याकडून पंचवीस किलोच्या गोण्या उचलतात, आणि व्यापारी बातमी वाचूनच भाव बदलतो. आदेश येणार म्हटलं की चढला, पुढे ढकलला की दोन दिवस थांबून थोडा उतरला. १२ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने अशा कच्च्या मालाचे चौदा आदेश एकदम मागे घेतले. त्यात ही चारही नावं होती आणि पॉलिएस्टर धाग्याचीही होती. त्यामुळे इचलकरंजी-भिवंडीच्या लूमवाल्यांनीही आमच्याइतकाच सुस्कारा सोडला असणार. माझं मत सरळ आहे. मुलाच्या हातात जाणारी वस्तू कितीही कडक तपासा, आम्ही कुरकुरू पण करू. दाणा जो विकत घेतो तो स्वतःच तपासून घेतो, त्याला गरज असते. रंगाचंही तेच व्हावं: गोणीवर सक्ती नको, पण खेळणं नापास झालं तर रंग कुणाचा होता इथवर माग काढणारं कुणीतरी हवं. आज तो माग पार्टी काढते आणि भुर्दंड गाळा भरतो.

या छापामुळे चिनी खेळणी गेली, असं दुकानदार छातीठोकपणे सांगतात. आयात घटली हे खरं: २०१४-१५ मध्ये सुमारे ३३ कोटी डॉलरची होती, २०२२-२३ मध्ये १६ कोटींच्या आसपास आली. पण त्याच काळात आयात शुल्क २० टक्क्यांवरून आधी ६० आणि मग ७० टक्क्यांवर गेलं, ते कुणी सांगत नाही. छापाचं आणि शुल्काचं श्रेय वेगळं करणं माझ्या आवाक्यातलं नाही. एवढं दिसतं की आमच्याकडे येणारे निम्मे मोल्ड अजून चीनमध्येच बनतात. खेळणं इथलं झालं, साचा तिथलाच राहिला.

ॲप वापरताना दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. नंबर खरा निघाला म्हणजे हातातलं खेळणं त्याच कारखान्यातलं आहे असं होत नाही. नंबर कुणीही खोक्यावर छापू शकतो. म्हणून ॲपमधला ब्रँड आणि खोक्यावरचा ब्रँड जुळतो का ते बघा. लायसन चालू आहे का ते बघा. आणि मानकाचा क्रमांकही. सेलवर चालणाऱ्या, दिवे लागणाऱ्या गाडीवर नुसतं आयएस ९८७३ दिसलं तर दुकानदाराला विचारा. त्याला उत्तर माहीत नसेल, पण पुढच्या खरेदीला तो घाऊक व्यापाऱ्याला विचारेल. त्या एका प्रश्नाने जेवढं काम होतं तेवढं धाडीने होत नाही.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं-भाज्या घेताना मात्र नंबर शोधत बसू नका. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांच्या मालाला, तसंच भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीकृत खेळण्यांना या आदेशातून सूट आहे, त्यामुळे तिथे छाप नसणं हा गुन्हा नाही. तिथे आपल्या डोळ्यांवर आणि कारागिराच्या शब्दावर भरवसा. रंग कोणता लावता, एवढं विचारायला हरकत नाही, ते आनंदाने सांगतात.

तक्रारीचाही रकाना ॲपमध्ये आहे. छापाचा गैरवापर दिसला तर तिथूनच कळवता येतं. मी अजून ते केलेलं नाही, कारण आमच्या लाइनीत सगळे एकमेकांना ओळखतात आणि तक्रार कुणी केली याचा अंदाज संध्याकाळपर्यंत बांधला जातो. तुम्हाला ती अडचण नाही. स्टेशनबाहेर शंभराला तीन मिळणारी मऊ पिवळी बदकं बाळाच्या टबात टाकण्याआधी उलटी करून बघा. छाप नसेल तर घेऊ नका, आणि असेल तर नंबर टाका. रंगाच्या गोणीपर्यंतचा माग नाही, तरी निकालाबरोबर निदान मंजूर खेळण्याचा फोटो दिसायला लागला, तर पाचवा तारा मी स्वतःहून देईन.