त्या व्हिडिओत मीच आहे, तरी ते खत घेऊ नका

चोपडा, यावल, शिरपूर या भागात व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरतो आहे. खांद्यावर टॉवेल टाकलेला एक शेतकरी केळीच्या बागेत उभा आहे, पानावरून हात फिरवतो आणि सांगतो, ‘आठ दिवसांत काळोखी आली, मी डोळ्यांनी पाहिलं.’ काळोखी म्हणजे पानांना आलेला गडद हिरवा रंग. तो शेतकरी मी. बाग माझी, बोलणं माझं, कोणी पढवलेलं नव्हतं. पण त्या व्हिडिओखाली जे काळं दाणेदार ‘सेंद्रिय’ खत विकलं जातंय ते घेऊ नका. माझा चेहरा पाहून माझ्या माहितीतल्या तीन घरांनी पैसे घातले. त्यात माझा चुलतभाऊ आहे. म्हणून सगळं लिहितो.

मागच्या वर्षी जुलैत केळीची दोन एकर मृग बाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड, केली. ग्रँड नैन जातीची टिश्यूची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं, पाच बाय पाच फुटांवर, साडेतीन हजार झाडं. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या शेण-पाल्यातून जमिनीत येणारा कार्बन, 0.38 टक्के, म्हणजे कमी आला होता, तो आकडा डोक्यात बसला होता. आमच्याकडे पूर्वी बैलजोडी आणि दोन म्हशी होत्या, उकिरडा भरलेला असायचा. आता एक गाय उरली. शेणखताची ट्रॉली विकत घ्यायची तर अगोदर सांगून ठेवावं लागतं, आणि येते त्यात अर्धी माती. जमीन सुधारावी असं खरंच वाटत होतं. फसवणाऱ्याने माझ्या लोभावर नाही, याच इच्छेवर हात ठेवला.

पोळ्याच्या चार दिवस आधी पांढरी बोलेरो बांधावर आली. दोघं बाहेरचे आणि एक आमच्या गावातलाच पोरगा. तो म्हणाला, ‘जिभाऊ, पैसे देऊच नका. दोन गोण्या टाका, पटलं तर पुढचं बोलू.’ मापाच्या चाळीस किलोच्या दोन गोण्या उतरवल्या. झाडाला एक किलो, म्हणजे ऐंशी झाडं झाली. शेतात उतरलो की रोज त्या ओळींकडे आधी जायचो. आठव्या दिवशी पानं शेजारच्या ओळींपेक्षा उघड उघड गडद होती. ते पुन्हा आले, मोबाईल काढला, मी बोललो. त्याच दिवशी नव्वद गोण्यांची ऑर्डर दिली. 780 रुपयांनी 70,200. रोख.

माल चार-पाच दिवसांनी रात्री आला, पाऊस चालू असताना. उतरवणारा हमाल म्हणाला, ‘भाऊ, गोणी बसकी दिसते, पण वजन तेवढंच आहे.’ मी ऐकलं आणि सोडून दिलं. इथे थांबायला हवं होतं. शेणाचं, पाल्यापाचोळ्याचं खत फुगीर असतं. चाळीस किलोत गोणी गच्च भरते. त्याच वजनात गोणी अर्धी-पाऊण दिसत असेल तर आत जड काहीतरी आहे, आणि जड म्हणजे माती नाहीतर वाळू. दिवसा उजेडात दोन गोण्या शेजारी ठेवल्या असत्या तर तेव्हाच कळलं असतं. पावसाची घाई आणि अंधार त्यांनी मुद्दाम निवडला होता, हे आता कळतं.

बिल मागितलं तर एक चलन दिलं. त्यावर गाव, नंबर, रक्कम. बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही.

चार दिवस मजूर लावून खत टाकलं. पंधरा दिवस गेले, महिना गेला. पहिल्या ऐंशी झाडांचा रंगही उतरत चालला, बाकीची तर पिवळी पडायला लागली. नवरात्रात पाऊस उघडला तेव्हा खोडाभोवती राखाडी चिकट पापडी बसलेली दिसली, नखाने उचलली तर कपच्या निघाव्या तशी. आमची जमीन काळी, आधीच पाणी धरणारी. त्यावर हा चिकणमातीचा थर बसला आणि मुळांना हवा मिळेना.

मायने एक ढेकूळ उचललं, बोटांत चोळलं, वास घेतला. ती म्हणाली, ‘बेटा, हाई खत नही, हाई माटी शे.’ तिने आयुष्यभर उकिरडा उपसला आहे. मला त्या क्षणी पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं, कारण चुलतभावाने पंधरा दिवसांपूर्वीच माझ्या सांगण्यावरून साठ गोण्या घेतल्या होत्या.

मग घरात बसून उरलेल्या गोणीची तपासणी केली. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन दोन चमचे दाणे टाकले. पाच मिनिटांत वरचा काळा रंग सुटून पाणी शाईसारखं झालं आणि खाली गुळगुळीत राखाडी गाळ बसला. नंतर लोखंडी पळीत मूठभर दाणे घेऊन चुलीवर धरले. खऱ्या सेंद्रिय खताचा धूर निघतो, शेणी जळल्याचा वास येतो, माल आक्रसतो. इथे थोडा धूर आला आणि थांबला. दाणे आकाराने तसेच राहिले, पण लालसर झाले. थंड झाल्यावर पाहिलं तर ते विटेचे खडे होते. चिकणमाती भाजली की वीट होते, आणि पळीत तेच झालं होतं.

पण मग पहिल्या दोन गोण्यांनी पानं गडद झाली ती कशी? याचं उत्तर शेजारच्या नानांनी दिलं. फुकटच्या गोणीतले चार मुठी दाणे मी बरणीत ठेवले होते. नानांनी चंचीतला चुना काढला, तळहातावर ते दाणे आणि चुना चोळला, जसं आपण डीएपी हे रासायनिक खत खरं की खोटं पाहतो तसं. नाकात झणझणीत वास गेला. अमोनियाचा. नंतर विकतच्या गोणीतले दाणे तसेच चोळले, काहीच नाही. म्हणजे नमुन्याच्या गोणीत अमोनियम सल्फेटसारखं रासायनिक खत मिसळलेलं होतं, आणि विकलेल्या गोण्यांत नुसती रंगवलेली माती. दोन्हींचा रंग, दाणा, पिशवी एकच. मी परीक्षा एका मालाची घेतली आणि पैसे दुसऱ्या मालाचे दिले. ज्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त विश्वास होता, स्वतः केलेली परीक्षा, तीच त्यांनी वापरली.

थोडं गणित आधी केलं असतं तरी वाचलो असतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची केळीसाठीची शिफारस झाडाला 200 ग्रॅम नत्र (नायट्रोजन), 40 ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) आणि 200 ग्रॅम पालाश (पोटॅश) अशी आहे. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, गांडूळ खतात एक-दीड टक्का, निंबोळी पेंडीत पाचच्या आसपास. म्हणजे उत्तम गांडूळ खत किलोभर टाकलं तरी नत्र 10-15 ग्रॅम मिळतं. ते लोक मात्र सांगत होते की या एका किलोवर झाड निघून जाईल, दुसरं काही टाकू नका. पत्रकावर ‘नत्र 14 टक्के, शंभर टक्के सेंद्रिय’ छापलेलं होतं. शेण, पालापाचोळ्यापासून बनवलेल्या खतात चौदा टक्के नत्र येतच नाही. सेंद्रिय खताचं काम मुख्यतः जमिनीचा पोत आणि कर्ब वाढवणं, झाडाला आठ दिवसांत काळोखी आणणं नव्हे. ‘सेंद्रिय’ म्हणून दिलेल्या मालाने आठ दिवसांत रंग बदलला तर आनंद मानू नका, आत काय मिसळलंय ते शोधा.

पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी गोणी उलटी करून दाखवली. वर मोठ्या अक्षरांत सेंद्रिय, पण खाली शिवणीजवळ बारीक अक्षरांत ‘माती सुधारक’. खत म्हणून विकायचं तर 1985 च्या खत नियंत्रण आदेशाखाली परवाना, ठरलेली प्रत, पिशवीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, तारीख, घटकांचं प्रमाण, सगळं लागतं. गांडूळ खताचीच प्रत पाहा. सेंद्रिय कर्ब किमान 18 टक्के आणि ओलावा 15 ते 25 टक्के हवा. माती सुधारक म्हटलं की हे सगळं टाळायची वाट मिळते. मी स्वतः जळगावला एका प्रयोगशाळेत नमुना दिला, कर्ब दोन टक्क्यांच्याही आत आला. पण तो उघड्या गोणीतला, मीच नेलेला नमुना. कायद्यापुढे चालतो तो निरीक्षकाने पद्धतीप्रमाणे घेतलेला.

ग्राहक आयोगाचा रस्ताही विचारला. बियाण्याच्या प्रकरणात शेतकरी ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच मान्य केलं आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी लागत नाही. पण दावा लावायचा कोणावर? चलनावरचा नंबर बंद, पत्ता गुजरातचा आणि अर्धवट. गावातला पोरगा म्हणतो त्यालाही गोणीमागे तीस रुपये सांगितले होते, तेही मिळाले नाहीत. त्याच्या आईने येऊन हात जोडले. त्या बाईला काय बोलणार?

तेव्हा बिल पक्कं घ्या, ज्यावर दुकानाचा परवाना क्रमांक, मालाचं नाव आणि बॅच नंबर असेल. दुकानदाराकडे त्या कंपनीचा ‘ओ फॉर्म’, म्हणजे माल कुठून आला याचं प्रमाणपत्र, आहे का विचारा. परवानाधारक दुकानदार तो दाखवायला कचरत नाही. बांधावर रोखीने येणारा माल घ्यायचाच असेल तर उतरवतानाच मधल्या कुठल्याही गोणीतून मूठभर काढून पेल्यात आणि पळीत टाका, पैसे त्यानंतर द्या. दोन गोण्या शिवणीसकट बाजूला ठेवा, म्हणजे वेळ आली तर निरीक्षकाला नमुना घेता येईल. आणि कृपा करून, ज्याला फुकट नमुना मिळाला असेल त्याने कॅमेऱ्यासमोर बोलू नये. माझं एक वाक्य आजही कुणाच्या तरी बांधावर माती विकतंय.

माझी बाग दीड महिना उशिरा निसवली, म्हणजे घड बाहेर पडायला तेवढा उशीर झाला. एरवी बावीस-चोवीस किलोचा घड, या वर्षी बहुतेक पंधरा-सोळाचे. चुलतभावाने भांडण केलं नाही, पण दिवाळीला फराळाचं ताट आलं नाही. अक्षयतृतीयेला मी त्याच्याकडे गेलो, त्याच्या साठ गोण्यांपैकी निम्मे पैसे घेऊन. त्याने घेतले नाहीत. पाणी दिलं, खाटेवर बसवलं, आणि म्हणाला, ‘तो व्हिडिओ आधी बंद कर.’

तो मला बंद करता येत नाही. अकरा गोण्या शिवण न उसवता पत्र्याच्या शेडमध्ये ठेवल्या आहेत. गोणी कशी दिसते, हातात किती जड लागते, हे पाहायचं असेल त्याने यावं. पेला, पळी आणि चुना तिथेच आहे.