एका ॲम्प्लिफायरवर दोन सबवूफर: सांगलीतल्या १४ बाय ११ च्या हॉलमधला वापरानंतरचा अनुभव

जागा विश्रामबागेतल्या फ्लॅटचा हॉल, १४ बाय ११ फूट, वर आरसीसी स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल्स. सामान असं: दहा इंची दोन पॅसिव्ह सबवूफर (खालचे सूर वाजवणारे, आत ॲम्प्लिफायर नसलेले स्पीकर; पुढे नुसतं ‘सब’), दोन्ही एकाच मॉडेलचे, सीलबंद पेटीतले, ४ ओहम, १५० वॅट आरएमएस (सलग झेपणारे). दोघांना मिळून एकच ॲम्प्लिफायर, टीपीए३२५५ चिपचा दोन चॅनलचा क्लास-डी बोर्ड, ४८ व्होल्ट ३५० वॅटच्या एसएमपीएसवर, म्हणजे डीसी देणाऱ्या पॉवर सप्लायवर. दिवाळीत जोडलेला हा संच उन्हाळा काढून पावसाळ्यात आलाय. मत स्पष्ट आहे: सब जुळे असतील तर घरातल्या हॉलसाठी दुसऱ्या ॲम्प्लिफायरवर पैसे घालू नका. ते पैसे चांगली वायर आणि मोजमापाचा माइक यांवर घाला.

पहिला प्रश्न ओहमचा, म्हणजे सब ॲम्प्लिफायरला किती विरोध करतो याचा; आकडा जितका कमी, तितका ॲम्प्लिफायरवर ताण जास्त. ४ ओहमचे दोन सब पॅरलल जोडले की २ ओहम होतात, सिरीजमध्ये ८. बहुतेक घरगुती ॲम्प्लिफायर २ ओहमला तयार नसतात. मोठा आवाज केला की प्रोटेक्शनमध्ये जातात (स्वतःला बंद करतात) किंवा आउटपुट उडतं. ब्रिज केलेल्या (दोन चॅनल मिळून एक केलेल्या) स्टीरिओ ॲम्प्लिफायरवर तर आणखी वाईट, कारण ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला लोड निम्मा दिसतो. २ ओहम लावले की चॅनलच्या वाट्याला १ ओहम. सिरीजमध्ये ॲम्प्लिफायर सुरक्षित राहतो, पण सब वेगवेगळे असतील तर व्होल्टेजची वाटणी प्रत्येक फ्रिक्वेन्सीला बदलते, कारण रेझोनन्सजवळ, म्हणजे कोन ज्या सुराला आपोआप जोरात हलतो त्याजवळ, ४ ओहमच्या सबचा इम्पीडन्स (हाच विरोध) कित्येक पटींनी चढतो. शिवाय एका सबची कॉइल तुटली की दुसराही गप्प. म्हणून इथे सरळ मार्ग घेतला: एका चॅनलला एक सब, आणि रिसीव्हरच्या (टीव्हीचा आवाज स्पीकरांना वाटणाऱ्या यंत्राच्या) सब-आउटमधून आरसीए वाय-स्प्लिटरने दोन्ही इनपुटला तोच सिग्नल. प्रत्येक चॅनलला ४ ओहम, चिपला मानवणारा लोड. जोडण्याआधी मल्टीमीटरने कॉइल मोजा. ४ ओहमचा सब ३.२ ते ३.६ दाखवतो, दीड-पावणेदोन दिसले तर आत दोन कॉइल पॅरलल आहेत असं समजा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या चिपचं आउटपुट मुळातच ब्रिज असतं, म्हणजे काळं टर्मिनल ग्राउंड नसतं, त्यावरही सिग्नल असतो. दोन्ही सबची काळी वायर एकत्र करून तीन वायरींत काम भागवायचं अनेक इलेक्ट्रिशियन सुचवतात, कारण घराच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल कॉमन चालतो. इथे ते केलं तर दोन चॅनलची आउटपुटं एकमेकांना भिडतात. चार वायरी म्हणजे चारच, आणि कुठलीही अर्थिंगला टेकता कामा नये.

वॅटचे आकडे वाचताना सावध राहा. चिपच्या डेटाशीटमधले ४ ओहमला ३१५ वॅट हे १० टक्के डिस्टॉर्शनचे, म्हणजे आवाज तेवढा बिघडलेला असतानाचे आहेत. १ टक्क्याला ते २६० च्या आसपास येतात. त्यातही ३५० वॅटचा एसएमपीएस सलग सूर वाजवताना दोन्ही चॅनलना मिळून साधारण ३०० वॅटच देईल. सबला १५० च हवेत, तेव्हा हिशेब जुळतो. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा ॲम्प्लिफायरचा नॉब) लावताना दोन्ही सब काढून ठेवा, ५० हर्ट्झचा फुल लेव्हल टोन रिसीव्हरच्या नेहमीच्या सर्वांत मोठ्या आवाजाला लावा, टर्मिनलवर मल्टीमीटर एसी व्होल्टला ठेवा आणि २४.५ व्होल्टला गेन थांबवा. ४ ओहमला १५० वॅट म्हणजे तेवढेच व्होल्ट. दोन्ही चॅनल एकाच आकड्याला आणा, नॉबवरच्या खुणेवर विसंबू नका. आणि हो, अशा काही एसएमपीएसच्या कडेला ११५/२३० चा छोटा लाल स्विच असतो. प्लग लावण्याआधी तो २३० वर आहे का ते बघा, नाहीतर पहिल्याच क्षणी सप्लाय जातो.

वायरीचा हिशेब मागच्या सबसाठी. कडेकडेने केसिंग पट्टीतून नेली तर अंतर १२ मीटर होतं, म्हणजे जाऊन-येऊन २४ मीटर तांबं. ०.७५ स्क्वेअर एमएमची वायर ०.६ ओहम खाते आणि त्या सबचा आवाज सव्वा डेसिबलने पडतो. २.५ स्क्वेअर एमएमला तोच विरोध ०.१९ ओहम, घट अर्ध्या डेसिबलच्याही आत. सांगलीत इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात २.५ ची फ्लेक्झिबल मिळते. ‘ऑडिओ’ लिहिलेल्या महाग वायरीची गरज नाही. पोलॅरिटी दीड व्होल्टच्या सेलने तपासा: लाल टर्मिनलला सेलचा प्लस क्षणभर टेकवला की कोन बाहेर यायला हवा, दोन्ही सबचा.

दोन सबचा खरा फायदा मोठ्या आवाजात नाही, समान आवाजात आहे. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर, त्या लांबीचा पहिला रूम मोड, म्हणजे भिंतींमध्ये घुमणारा सूर, ४० हर्ट्झला येतो. ११ फुटांचा ५१ ला. एक सब कोपऱ्यात ठेवला की हे दोन्ही सूर घुमतात. पुढच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्यावर एकेक सब ठेवला, की ४० चा मोड दोन टोकांकडून उलटसुलट ढकलला जाऊन विरतो, आणि रुंदीच्या मध्यावर असल्यामुळे ५१ चा मोड जागाच होत नाही. हर्मन कंपनीचे टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये समोरासमोरच्या भिंतींच्या मध्याची ही मांडणी अभ्यासून मांडली होती; खोलीतला आवाज मोजणारं आरईडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर आणि यूएसबी माइक लावून पाहिलं तर तिचा परिणाम आलेखावर उघड दिसतो.

पण एका ॲम्प्लिफायरची मर्यादा इथेच कळते. दोन्ही सबना एकच सिग्नल जातो, त्यामुळे प्रत्येकाला वेगळा डिले (किंचित उशीर) देता येत नाही. सोफा मागच्या भिंतीपासून १ मीटरवर असेल तर पुढचा सब मागच्यापेक्षा सव्वादोन मीटर लांब पडतो. ८० हर्ट्झच्या लाटेची निम्मी लांबी जवळपास तेवढीच, म्हणून दोन सब तिथे एकमेकांना खोडतात. हे ऐकायला मिरजेच्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग पुरेसं आहे. काळी एकच्या पट्टीतल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास वाजते. १ मीटरच्या जागी बसलं की जोडीच्या तारा भरून येतात आणि खर्ज मात्र पोकळ लागतो, जणू तार कुणी बोटाने दाबून धरलीय. सोफा दीड फूट मागे सरकवला की खर्ज जागेवर येतो, डग्ग्याची मींडही सलग ऐकू येते. इक्वलायझरने हा खड्डा भरायचा प्रयत्न करू नका. जिथे दोन आवाज एकमेकांना खोडतात तिथे वॅट ओतून काही होत नाही, कॉइल तापते. सोफा हलवणं शक्यच नसेल तर क्रॉसओव्हर (सब आणि मुख्य स्पीकर यांच्यातली सुरांची सीमा) ६० हर्ट्झवर आणा, अर्थात मुख्य स्पीकर तिथपर्यंत उतरत असतील तरच. तेही जमत नसेल, तर प्रत्येक चॅनलला स्वतंत्र डिले देणारा दोन आउटपुटचा डीएसपी बोर्ड मध्ये घालावा लागतो.

महिनोन्महिने चालवल्यावर काय बिघडतं, तेही सांगतो. बोर्डावरचे हिरवे स्क्रू टर्मिनल सैल होतात, विशेषतः वायरीला सोल्डर लावून बसवलं असेल तर, कारण दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं. वायरीच्या टोकाला पिन थिंबल दाबून लावा आणि काही महिन्यांनी पेचकस फिरवून बघा. सबमधून अधूनमधून खर्र आवाज येऊ लागला की आधी इथेच हात घाला. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवलेला बोर्ड लांबलचक सिनेमात तापून बंद पडतो. वर चार इंच मोकळी जागा आणि कप्प्याला मागून भोक, एवढ्यावर भागलं, पंखा लागला नाही. ५० हर्ट्झची गुणगुण आली तर केबल टीव्हीची कोॲक्स काढून बघा. ती काढताच गुणगुण थांबली तर ग्राउंड लूप (दोन वाटांनी जोडलं गेलेलं अर्थिंग) तिथला आहे, केबलला आयसोलेटर लावा. प्लगची अर्थ पिन तोडू नका. चालू करताना आधी रिसीव्हर, मग ॲम्प्लिफायर. बंद करताना उलट, म्हणजे धप्प आवाज होत नाही.

आणि रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली जाते. एमडीएफची पेटी थेट टाइलवर असेल तर खालची कड पाणी पिऊन फुगते, पावसाळ्यात लवकर, आणि सीलबंद पेटीचा जोड सुटला की हवा गळून बेस ढिला होतो. इंचभर उंचीचे रबरी पाय लावा; खालच्या मजल्यावर जाणारा दणकाही त्याने थोडा कमी होतो.

घरात दोन ॲक्टिव्ह सब असतील तर यातला ॲम्प्लिफायरचा भाग सोडून द्या. त्यांच्यात तो आत असतोच. वाय-स्प्लिटरने सिग्नल वाटा आणि थेट भिंतींच्या मध्यापासून सुरुवात करा.